घरी विचारून सांगतो

फुटाणा फुटायचा राहून गेला तर दोष फुटाण्याचा की भट्टीवाल्याचा, या प्रश्नावर व्यंकटराव गालाला हात लावून बराच वेळ बसले होते. गुलमंडीच्या बाजारातून आणलेले फुटाणे आणि कपभर चहा, हे त्यांचं हल्लीचं रात्रीचं जेवण. भांडी पडत नाहीत, हा या जेवणाचा मोठा गुण. त्या फुटाण्यांत एक दगडासारखा निघाला, उजवीकडे कट्ट आवाज झाला आणि कळ थेट कानात जाऊन बसली. मग जशी आली तशी गेली. माणसानं विसरून जावं, तर दुसऱ्या दिवशी दुपारी खानावळीच्या डब्यातली पोळी चावताना पुन्हा हजर. पाटबंधारे खात्यातल्या साहेबांसारखा तिचा कारभार होता. केव्हा येईल याचा नेम नाही, आणि आली की सगळं काम बंद.

समोरच्या फ्लॅटमधल्या अप्पारावांनी ते जिन्यातच ओळखलं. अप्पाराव मूळचे बिडकीनचे. तिकडची जमीन कारखान्यांत गेल्यावर ते शहरात, सिडकोत राहायला आले. शेती सुटली, पण सल्ला द्यायची सवय सुटली नाही. पूर्वी जो सल्ला सगळ्या गावाला पुरायचा, तो आता एकट्या व्यंकटरावांच्या वाट्याला येत होता.

"दाढ दुखायली व्हय? लवंग धरा. नाय थांबलं तर काढून टाका."

"काढून कशी टाकायची हो एकदम?"

"बत्तीस हैत राव! एक गेली तर काय जिल्हा परिषद बरखास्त होती का?"

व्यंकटरावांनी लवंग धरली. तुरटीच्या पाण्यानं गुळण्या केल्या. अप्पारावांच्या भामाबाईंनी कसलीशी काळी पूड पाठवली, तीही लावली. त्यानं कळ थांबली नाही, मात्र दोन दिवस हसायची सोय राहिली नाही. तसं हसायचं काही कारणही नव्हतं. शेवटी मुकुंदवाडीच्या रस्त्यावर एका मेडिकलच्या वरती डॉ. नीरजा नावाच्या बाईंचा दातांचा दवाखाना होता, तिथं ते गेले.

दारातल्या टेबलाशी मोनाली नावाची मुलगी बसली होती. तिनं विचारलं, "सोबत कोण आहे, काका?"

"कोणाच्या?"

"तुमच्या."

"मीच आहे," व्यंकटराव म्हणाले. मोनालीला हा विनोद वाटला.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. व्यंकटराव आयुष्यात पुष्कळ डॉक्टरांकडे गेले होते, पण एकाही डॉक्टरशी बोलले नव्हते. बोलायच्या त्या त्यांच्या पत्नी, दमयंतीबाई. डॉक्टर विचारायचे यांना, उत्तर यायचं बाजूच्या खुर्चीवरून. "खोकला कोरडाय. पहाटे जास्त. आणि लपून फरसाण खातात." व्यंकटरावांचं काम म्हणजे शर्टाचं वरचं बटण काढणं आणि सांगितल्यावर जीभ दाखवणं. आपल्याला नेमकं काय होतंय, हे त्यांना बहुतेक वेळा डॉक्टरांबरोबरच कळायचं. दमयंतीबाई आषाढात गेल्या. भेटायला आलेल्या माणसांनी पुष्कळ धीर दिला. पण यापुढं यांना काय होतंय हे यांना कोण सांगणार, ही अडचण कोणाच्या लक्षात आली नाही. खुद्द व्यंकटरावांच्याही नाही.

ती आता आली.

"कुठं दुखतं काका?" डॉ. नीरजांनी विचारलं. वयानं त्यांच्या सुनेएवढ्या असतील.

व्यंकटरावांनी कानापासून हनुवटीपर्यंत हात फिरवला.

"कसं दुखतं? ठणकतं, की सुई टोचल्यासारखं?"

"दुखतं," व्यंकटराव म्हणाले.

"गार पाण्यानं? गरम चहानं? चावताना, की चावून दात उघडताना?"

व्यंकटरावांनी सवयीनं डावीकडं पाहिलं. डावीकडं थुंकायचं भांडं होतं.

डॉक्टरांनी दातांवर टकटक केलं, गार बोळा लावला, फोटो काढला. फोटोत काही नव्हतं. मग एकेका दाढेवर प्लास्टिकची काडी ठेवून "चावा" आणि "सोडा" असं सुरू झालं. वरच्या शेवटून दुसऱ्या दाढेला "सोडा" म्हटल्याबरोबर व्यंकटराव खुर्चीतून वर उठले.

"हं," डॉक्टर म्हणाल्या, "दाढेला चीर गेलेली दिसते. फोटोत ती येत नाही. वरच्या वर असली तर कॅप घालून दाढ वाचेल. मुळापर्यंत गेली असली तर काढावी लागेल."

"मग आपण म्हणाल तसं."

"माझ्या एकटीच्या म्हणण्यावर नाही ना काका. मला दिसतं ते एक, तपासणीत येतं ते दुसरं आणि पेशंट सांगतो ते तिसरं. तिन्ही जुळवून ठरवायचं असतं. तुम्हाला काय वाटतं, तेही हवं त्यात."

व्यंकटरावांना धक्का बसला. सगळी नोकरी त्यांनी फायलीवर 'निर्णयार्थ सविनय सादर' असं लिहून ती वरच्या टेबलावर पाठवण्यात घालवली होती. त्यांच्या हस्ताक्षरातला एकही निर्णय सरकारदरबारी सापडला नसता. घरीसुद्धा फाइल दमयंतीबाईंच्या टेबलावरच जायची. आणि इथं ही शिकलेली बाई फाइल वरून खाली पाठवत होती!

"अजून एक," डॉक्टर म्हणाल्या. "झोपेत दात खाता का?"

"झोपेत मी झोपलेला असतो."

"तसं नाही, घरात कोणी ऐकलंय का? करकर आवाज? कारण तुम्ही दात खात असाल, तर रात्री चीर वाढत राहणार. मग उपचार वेगळा."

आणि व्यंकटराव बोलून गेले, "घरी विचारून सांगतो."

हे वाक्य त्यांच्या तोंडात दातांपेक्षाही पक्कं बसलेलं होतं. विमा एजंट असो, पाण्याच्या मशीनवाला असो, व्याही असोत, सगळ्यांना त्यांनी आजवर हेच उत्तर दिलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "हो, काकूंना विचारा. त्यांना नक्की माहीत असेल." व्यंकटरावांनी मान हलवली, चपला घातल्या, आणि अर्धा जिना उतरल्यावर थांबून कठड्याला धरलं.

आता उत्तर कुठून तरी आणणं भाग होतं. त्यांनी अप्पारावांना अगदी सहज, दुसऱ्या कोणाचं तरी असल्यासारखं विचारलं, "काय हो, माणूस झोपेत दात खातो, ते कशानं?"

"जंत!" अप्पाराव म्हणाले. "तुम्हाला जंत झाले?"

"मला नाही हो—"

"लाजता काहून? आमच्या तनुजाला लहानपणी लई होते. अगं ए, ऐकलं का? व्यंकटरावांना जंत झाले!"

ही हाक तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचली. संध्याकाळी भामाबाई वावडिंगाचा काढा घेऊन आल्या. "भावजी, गूळ खाऊन वर हे घ्या. वहिनी असत्या तर ही पाळी आली नसती," असं म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. व्यंकटरावांना वहिनींसाठी रडणाऱ्या बाईसमोर जंतांचा मुद्दा खोडून काढता येईना. त्यांनी काढा घेतला. पुढचे काही दिवस जिन्यात भेटणारा जो तो त्यांच्या तोंडाकडे न बघता पोटाकडे बघून विचारायचा, "आता कसंय?" निवृत्त हेडक्लार्कला हे सोसायला जड जातं.

पुण्याहून देवेशचा व्हिडिओ कॉल आला. मुलगा चांगला, पण घाईतला. "बाबा, तोंड उघडा. फोन जवळ घ्या. अजून जवळ." व्यंकटरावांनी फोन इतका जवळ घेतला की देवेशला फक्त अंधार दिसला. "माझ्या ऑफिसातल्या एकाची बायको डेंटिस्ट आहे, ती म्हणते सरळ काढून इम्प्लांट करा. मी मिटिंगला जातो." जाताना त्यानं विचारलं, "जेवलात ना?" "जेवलो," व्यंकटराव म्हणाले. फुटाणे तर बंद झाले होते. चहा होता.

दात खाण्याचा प्रश्न तसाच राहिला. मग अप्पाराव स्वतःच म्हणाले, "मी येऊन झोपतो की! ऐकायचंच तर हाय. तसल्लीनं ऐकतो." ते उशी आणि तांब्या घेऊन आले. दमयंतीबाईंच्या जागेवर अप्पाराव, ही कल्पना व्यंकटरावांना सोसेना, म्हणून त्यांनी दोन्ही गाद्या हॉलमध्ये खाली घातल्या. शिवाय पुरावा असावा म्हणून फोनवर आवाज भरायला लावला. सकाळी अप्पारावांनी ताजातवाना चेहरा करून सांगितलं, "काहीच नाय. मी तर कणभर आवाज ऐकला नाय." फोन लावून बघितला, तर त्यात पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत एकच आवाज होता, उतारावरून रोडरोलर निसटल्यासारखा, आणि तो व्यंकटरावांचा नव्हता.

"हे मी?" अप्पाराव म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. "भामा तर कधी बोलली नाय." आणि उशी काखेत मारून ते निघून गेले. त्यानंतर जिन्यातले सल्ले थोडे कमी झाले.

दुसऱ्या खेपेला डॉ. नीरजांनी आधी तेच विचारलं. "मग? काय म्हणाल्या काकू?"

खरं सांगायचं तर एकच वाक्य होतं. पण ते वाक्य व्यंकटरावांनी अजून एकदाही उच्चारलं नव्हतं. नातेवाइकांना फोन देवेशनं केले. सोसायटीच्या फळ्यावर अप्पारावांनी लिहिलं. बँकेतही देवेशच बोलला. ज्याला कळायचं त्याला ते आधीच कळलेलं असायचं. व्यंकटरावांना फक्त मान खाली घालावी लागायची. इथं ते पहिल्यांदाच सांगावं लागणार होतं, आणि समोरची मुलगी इतक्या सहज 'काकू काय म्हणाल्या' असं विचारत होती की जणू दमयंतीबाई खाली मेडिकलमध्ये गोळ्या घेत उभ्या असाव्यात.

"नाही म्हणाली," व्यंकटराव म्हणाले. "मी दात खात नाही, म्हणाली."

"नक्की?"

"तिचं सगळं नक्कीच असतं."

असतं. किती दिवसांनी हा शब्द असा वापरला! डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, "दाढ काढण्याबद्दल काकूंचं काय मत?" व्यंकटराव थोडे सावरून बसले. "ती म्हणते, वाचत असेल तर वाचवा. उगीच काही टाकून द्यायचा तिचा स्वभाव नाही." बाहेर मोनाली म्हणाली, "काकूंना सांगा, यांना गोड देऊ नका." "देतच नाही हो ती," व्यंकटराव म्हणाले, "मोजून एक वडी." आणि घरी जाताना दाढ दुखत असूनही त्यांना हलकं वाटलं. सगळ्या शहरात ही एकच जागा अशी होती, जिथं दमयंतीबाईंचं मत अजून विचारलं जात होतं.

मग ते जरा जास्तच वेळा तिथं जाऊ लागले. कधी हिरडी चुरचुरते म्हणून, कधी कुठला ब्रश घ्यावा हे विचारायला. एकदा डॉक्टरांनी त्यांना रोजच्या गोळ्या कुठल्या ते विचारलं. व्यंकटरावांना गोळ्यांची नावं येत नव्हती. पांढरी, लहान पांढरी आणि गुलाबी, एवढंच त्यांना माहीत. लहान पांढरी रक्त पातळ करणारी निघाली. ती चालू ठेवायची का, हे डॉक्टरांना व्यंकटरावांच्या नेहमीच्या फिजिशियनकडून हवं होतं. फिजिशियनचा माणूस म्हणाला, "दातवाल्या मॅडमना काय करायचंय ते आधी विचारून या." मॅडम म्हणाल्या, "सरांना सांगा, इंजेक्शन देऊन दाढ घासायची आहे." तिथं सर लग्नाला गेलेले. ते आल्यावर त्यांनी ईसीजी काढायला लावला, तो बघून "चालू ठेवा" एवढंच म्हणाले. व्यंकटरावांनी जन्मभर फायली या टेबलावरून त्या टेबलावर फिरवल्या होत्या. आता ते स्वतः फिरत होते, आणि आपल्यावर धूळ कशी बसते ते त्यांना कळत होतं. पण त्यांची तक्रार नव्हती. प्रत्येक फेरीत मोनाली विचारायची, "काकू बऱ्या आहेत ना?"

"गुडघे धरतात थोडे," ते म्हणायचे.

कॅपचा दिवस ठरला. सोबत कोणीतरी आणाच, असं बजावलेलं होतं, म्हणून अप्पाराव आले. "तिथं घरचं काही बोलू नका," व्यंकटरावांनी त्यांना रिक्षातच सांगितलं. "मी कशाला बोलतो?" असं म्हणून अप्पाराव बाहेरच्या बाकावर बसले, आणि आत जाता जाता व्यंकटरावांना ऐकू आलं की त्यांनी मोनालीला बिडकीनच्या जमिनीपासून सुरुवात केली आहे. बिडकीनपासून निघालेल्या माणसाला सिडकोतल्या समोरच्या फ्लॅटपर्यंत यायला फार वेळ लागत नाही.

इंजेक्शन दिलं. उजवा ओठ, मग गाल, मग अर्धी जीभ परकी झाली. डॉक्टरांनी गालात कापसाच्या वळ्या बसवल्या, पाणी ओढायची नळी लावली, आणि सगळे दातवाले करतात तसं, तोंड पुरतं बंद करून झाल्यावर बोलायला सुरुवात केली.

"काका, सुरू करायच्या आधी तुम्हाला सांगते. तुमचे दात मला झिजलेले वाटतात. टोकं सपाट आहेत. मी एकटीनं ठरवलं असतं तर म्हणाले असते, तुम्ही दात खाता. पण रात्री शेजारी असणाऱ्या माणसाइतका साक्षीदार दुसरा नाही. काकू स्पष्ट नाही म्हणतात. म्हणून मी नाजूकवाली सिरॅमिकची कॅप घालते आणि रात्री दातांवर घालायची पट्टी देत नाही. काकूंचं चुकलं असेल तर कॅपही फुटेल आणि दाढही जाईल. पण मी त्यांच्यावर विश्वास ठेवून चालले आहे."

मशीन सुरू झालं.

व्यंकटरावांच्या डोळ्यांसमोर फुटलेली कॅप आली. डॉक्टर मान हलवत म्हणतायत, काकूंनी चुकीचं सांगितलं. मोनाली म्हणतेय, काकूंमुळे झालं. दमयंतीबाईंनी आजवर कुठल्या डॉक्टरला चुकीचं सांगितलं होतं? ताप शंभरच्या वर किती होता, ते त्या थर्मामीटरच्या आधी सांगायच्या. जुलाब नेमके कधी सुरू झाले, ते जेवणातल्या पदार्थासकट सांगायच्या. दाढ गेली तर गेली. पण हे त्यांच्या नावावर लागलं असतं, आणि उत्तर द्यायला त्या आल्या नसत्या.

व्यंकटरावांनी हात वर केला.

"दुखतंय?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि ते काहीतरी म्हणाले. कापसातून नुसती वाफ आली. डॉक्टरांनी नळी काढली. ते पुन्हा म्हणाले. अर्धी जीभ वळत नव्हती. डॉक्टरांनी एक वळी काढली, मग दुसरी काढली, आणि खाली वाकल्या. "सावकाश बोला काका. काय म्हणताय?"

"ती नाही," व्यंकटराव म्हणाले. "आषाढात गेली. तिनं नाही सांगितलं. मीच सांगितलं."

हे त्यांना मनाजोगं, सन्मानानं सांगायचं होतं. प्रत्यक्षात उजव्या ओठातून लाळ गळत होती आणि छातीवर कागदाचा रुमाल होता.

डॉक्टरांनी मशीन जागेवर ठेवलं. पायानं खुर्चीची पाठ वर केली आणि स्टूल ओढून समोर बसल्या. बाहेर अप्पाराव अजून बिडकीनमध्येच होते.

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "मग आता परत ठरवू या. तिघांच्या ऐवजी दोघांनी." त्यांनी व्यंकटरावांच्या हातात आरसा दिला आणि चिमट्याच्या टोकानं एकेक दात दाखवला. "हे बघा. इथं टोक असायला हवं. इथंही. सगळं सपाट. तुम्ही दात खाता काका, आणि चांगले जोरात खाता."

"ती गेल्यापासून?"

"छे. इतकी झीज महिन्यांची नसते. वीस-पंचवीस वर्षांची तरी असेल."

व्यंकटराव आरशात बघत राहिले.

"आवाज मोठा असतो का हो याचा?"

"शेजारच्याची झोप मोडते. काही लोक वेगळ्या खोलीत झोपायला लागतात."

दमयंतीबाई कधीच वेगळ्या खोलीत झोपल्या नव्हत्या. सकाळी चहा गाळताना त्यांचे डोळे ओढलेले असायचे. व्यंकटराव विचारायचे, झोप नाही का झाली? तर म्हणायच्या, रेल्वेच्या गाड्या फार वाढल्यात हल्ली मुकुंदवाडीला, भोंगा वाजवतात मेले. व्यंकटरावांनी एकदा रेल्वेला तक्रारीचा अर्जही लिहून ठेवला होता. दमयंतीबाईंनी तो पाठवू दिला नाही. म्हणाल्या, राहू द्या, इंजिनवाल्याचं पोट आहे त्यावर. गल्लीतल्या फरसाणापासून पोटातल्या गॅसपर्यंत व्यंकटरावांची प्रत्येक गोष्ट ज्या बाईनं भरल्या दवाखान्यात सांगितली, तिनं ही एवढी एक कधीच, कोणालाच सांगितली नव्हती.

"काका," डॉक्टर म्हणाल्या, "आता धातूवरची मजबूत कॅप घालावी असं माझं म्हणणं आहे. आणि झोपताना घालायची एक पट्टी करू. ती घातली की दात एकमेकांवर घासणार नाहीत. तिचं माप आजच घेता येईल. पण तुम्हाला चालत असेल तर. विचार करून सांगितलं तरी चालेल."

"घ्या माप," व्यंकटराव म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

मोनालीनं गुलाबी लगदा कालवला, तो पत्र्याच्या साच्यात भरला, आणि डॉक्टरांनी तो त्यांच्या वरच्या दातांवर दाबून बसवला. तोंड गच्च भरलं. आता बोलायचं नाही, गिळायचं नाही, नाकानं श्वास घ्यायचा आणि घट्ट होईपर्यंत गप्प बसायचं. डॉक्टर हात धुवायला गेल्या. साचा धरायला मोनाली राहिली. थोड्या वेळानं व्यंकटरावांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. कागदाच्या रुमालावर टपटप पडायला लागलं.

"काही नाही काका," मोनालीनं दुसऱ्या हातानं रुमाल बदलला. "माप घेताना येतंच पाणी. सगळ्यांनाच येतं."

व्यंकटरावांनी मान हलवली, आणि लगदा पुरता घट्ट होईपर्यंत तसंच येऊ दिलं.